हातोडा उचलला तो एका सिस्टरने

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात एका वाचकाचं पत्र होतं. अमेरिकन कॉमिक्समधल्या थॉर या हातोडेवाल्या पुरुष सुपरहिरोला बाई करून टाकणं हा जुन्या वाचकांच्या श्रद्धेशी खेळ आहे, ही अंक खपवायची टूम आहे, आणि आज थॉर तर उद्या आपल्या मारुतीरायालाही साडी नेसवतील, असा त्या पत्राचा आशय. पत्र तळमळीने लिहिलेलं होतं. म्हणूनच उत्तर लिहायला बसले. त्या गृहस्थांनी ज्या अंकांबद्दल लिहिलं आहे ते मी पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचले आहेत, आणि माझ्याइतकं त्या बाईला ओळखणारं मिरजेत दुसरं कोणी असेल असं मला वाटत नाही.

मी निवृत्त परिचारिका आहे. एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची चौदा कॅन्सरच्या वॉर्डात. कॉमिक्सशी माझा काही संबंध नव्हता. तो आला ऑगस्ट २०१९ च्या महापुरात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा सांगलीत गावभागात राहणारी माझी बहीण, तिचे यजमान आणि भाचा असे तिघे नावेतून बाहेर पडले आणि माझ्याकडे मिरजेला आले. बहिणीने देवातला बाळकृष्ण आणि घराची कागदपत्रं आणली होती. भाच्याने खताच्या पिशवीत भरून त्याची कॉमिक्स आणली. बहीण त्याला रस्ताभर बोलत होती. पिशवीच्या तळाशी पाणी शिरलं होतं, तेव्हा ती पुस्तकं आम्ही माझ्या खोलीत दोरीवर आणि खाटेवर पसरून वाळवली. वीज नव्हती, टीव्ही नव्हता, बाहेर पाऊस. खाटेवर उघडं पडलेलं एक पान दिसलं. डोक्याला रुमाल बांधलेली एक हडकुळी बाई खुर्चीत बसलेली, हाताला सलाईन. मी भाच्याला विचारलं, ‘हे कसलं रे पुस्तक?’ तो म्हणाला, ‘मावशी, ही थॉर आहे.’

तिथून पुढचे आठ दिवस मी दुसरं काही केलं नाही. माझं इंग्रजी नोकरीपुरतं आहे, अडलं की भाचा सांगायचा.

पत्रलेखकांना वाटतं की एका पुरुषाला उचलून बाई केलं. तसं झालेलं नाही. तिचं नाव जेन फॉस्टर, आणि तिची कथा थॉरइतकीच जुनी आहे. १९६२ साली स्टॅन ली, त्यांचे भाऊ लॅरी लीबर आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी थॉर आणला, आणि त्याच्या पुढच्याच अंकात जेन आली. कोण म्हणून? तर डॉक्टर डोनाल्ड ब्लेक यांच्या दवाखान्यातली सिस्टर म्हणून. हा लंगडा, काठी टेकत चालणारा डॉक्टर म्हणजेच थॉर, हे तिला माहीत नाही. ती डॉक्टरांवर प्रेम करते आणि सांगत नाही, डॉक्टर तिच्यावर प्रेम करतात आणि सांगत नाहीत. बाकी तिला काम काय, तर संकटात सापडायचं आणि थॉरने सोडवायचं. भाच्याने मला त्या जुन्या गोष्टी फोनवर दाखवल्या. त्यातली सिस्टर पाहून माझा संताप झाला. एकतीस वर्षांत मी डॉक्टरांची वाट पाहत उभी राहिले असेन, पण ती राउंडसाठी. ट्रेमध्ये सामान लावलेलं असायचं आणि बेड नंबर सातचं सलाईन संपत आलेलं असायचं.

मग १९६७. थॉरचा बाप ओडिन तिला देवांच्या नगरीत बोलावतो, उडण्याची शक्ती देतो आणि परीक्षा म्हणून एका भयंकर प्राण्यापुढे एकटीला उभी करतो. कोणी शिकवलं नाही, कोणी काही सांगितलं नाही. ती घाबरते. झाली नापास. तिची शक्ती काढून घेतात, आठवण पुसतात आणि पृथ्वीवर धाडून देतात. त्याच अंकात थॉरला देवांच्या कुळातली दुसरी मुलगी भेटते, सिफ. म्हणजे जेनचं स्थळ बाद. नवीन लागलेल्या पोरीला पहिल्याच रात्री एकटीला नाइट ड्युटीवर टाकायचं आणि ती गडबडली की ‘ही कामाची नाही’ म्हणायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यामुळे ते पान वाचताना मला राग आवरेना. पण जेन संपली नाही. पुढच्या काळात तिच्या लेखकांनी तिला शिकवून डॉक्टर केलं.

आता २०१४. जेसन ॲरन या लेखकाने असं दाखवलं की थॉरची स्वतःची लायकी जाते आणि त्याला त्याचाच हातोडा उचलता येत नाही. हातोडा चंद्रावर पडून राहतो. त्या हातोड्यावर पहिल्या दिवसापासून एक ओळ कोरलेली आहे. हा हातोडा जो उचलेल तो जर लायक असेल, तर थॉरची शक्ती त्याची. इंग्रजीत तिथे ‘तो’ होता. २०१४ च्या पहिल्या अंकात ती अक्षरं हलतात आणि त्या जागी ‘ती’ उमटतं. इंग्रजीत या एका सर्वनामावरून जगभर गदारोळ झाला. आपल्या मराठीत ‘उचलेल’ या क्रियापदाला लिंगच नाही. हा हातोडा कोणी उचलेल आणि लायक असेल, तर थॉरची शक्ती त्या हाती येईल. असं वाक्य आपल्याकडे १९६२ सालीही सहज लिहिता आलं असतं आणि त्यात काही बदलायची वेळ आली नसती. मी हे भाच्याला म्हटलं तर तो बराच वेळ गप्प बसला होता.

शिवाय थॉर तिथेच आहे. तो मेला नाही की त्याची बाई झाली नाही. तो तिला पाहतो, हातोडा तिच्या हातात कसा फिरतो ते पाहतो आणि आपण होऊन म्हणतो, हे नावही आता तुझंच. त्यानंतर तो स्वतःला नुसतं ओडिनसन, ओडिनचा मुलगा, म्हणवून घेतो. आमच्या वॉर्डात एक मुलगा नर्सिंग शिकून लागला होता. बायकांच्या वॉर्डात ब्रदर नको म्हणून पहिले काही महिने पेशंटच्या नातेवाइकांनी फार त्रास दिला. पण त्याचा हात असा हलका, की केमो घेऊन घेऊन ज्यांच्या शिरा आखडून गेल्या होत्या, ज्यांना आम्ही चार-चार वेळा टोचायचो, त्यांची शीर त्याला पहिल्या फटक्यात सापडायची. वर्षभरात त्याच बायका विचारू लागल्या, ‘आज ब्रदर आहे का ड्युटीला? मग त्यालाच पाठवा.’ त्यांनी त्याला स्वीकारलं ते सुई लावून घेऊन. माझ्या लेखी थॉर हेही असंच पद आहे. हातोडा ही त्यातली सुई.

भाच्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती पत्रलेखकांना माहीत असायला हवी. १९८३ साली घोड्यासारख्या तोंडाचा एक परग्रहावरचा योद्धा, बीटा रे बिल, याने हा हातोडा उचलला होता. १९८६ साली खुद्द थॉरचा बेडूक झाला होता. या गोष्टी जुने वाचक आजही प्रेमाने सांगतात. घोडामुख्याच्या हाती हातोडा शोभला आणि जिने साठ-पासष्ट सालापासून त्या दवाखान्यात पट्ट्या बांधल्या तिच्या हाती शोभत नाही, हे मला कोणी समजावून सांगावं.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः लिहायला बसले ती.

जेनला स्तनाचा कॅन्सर आहे. देवांची नगरी तिला जादूने बरं करायला तयार असते, ती नको म्हणते. चारचौघींसारखी केमो घेते. पण हातोडा उचलला की तिचं शरीर बदलतं, आणि बदलताना अंगातलं सगळं विष बाहेर फेकलं जातं. केमो हे विषच. ते जातं. कॅन्सर मात्र जात नाही, कारण तो बाहेरून आलेला नाही, तो तिच्याच पेशींचा आहे. म्हणजे प्रत्येक वेळी लोकांना वाचवून ती परत येते तेव्हा तिची केमोची ती सायकल, म्हणजे औषधाची ती फेरी, फुकट गेलेली असते. हे लिहिणाऱ्याला केमो काय करते ते ठाऊक होतं. साधारण एकवीस दिवसांनी पुढची सायकल का द्यायची, मधे रक्तातल्या पेशींचा काउंट का तपासायचा, एक सायकल चुकली तर गाठ कशी डोकं वर काढते, हे ज्यांनी जवळून पाहिलं आहे त्यांना तो भाग वाचताना पोटात खड्डा पडतो. रसेल डॉटरमन यांनी चित्रंही तशीच काढली आहेत. गळ्याची हाडं वर आलेली, रुमालाखाली टक्कल. आणि हातोडा हातात आला की शिरस्त्राणाखालून कमरेपर्यंत पिवळेधमक केस.

केसांबद्दल दोन शब्द लिहू द्या. केमोचं लाल औषध सुरू करायच्या आधी डॉक्टर सगळं सांगतात. उलट्या होतील, तोंड येईल, लघवी लाल होईल, घाबरू नका. बाई सगळं ऐकून घेते आणि डॉक्टर गेले की सिस्टरचा हात धरून एवढंच विचारते, ‘केस परत येतात ना हो?’ दोन-तीन आठवड्यांत उशीवर केस दिसायला लागतात. एका तरण्या मुलीने स्वतःची गळून आलेली वेणी कागदात बांधून माझ्याकडे दिली होती, ‘घरी नेली तर आई रडेल, तुम्हीच टाका’ म्हणून. हातोडा उचलताच जेनचे केस परत येतात ते चित्र मी दहा मिनिटं तरी पाहत बसले होते. पुरुष थॉरचेही केस लांब आणि पिवळे, पण तिथे ते नुसते केस आहेत.

आणि तासगावकडची एक बाई. तिसऱ्या सायकलीनंतर आली नाही. फोन केला तर म्हणाली, द्राक्षाची गोडी छाटणी निघाली आहे, पोरगा एकटा आहे, मजूर मिळत नाहीत, छाटणी आटपून येते. छाटणी झाली की पेस्ट, पेस्ट झाली की फवारण्या. ती दीड महिन्याने आली. गाठ वाढलेली होती. मी तिला फार बोलले, खरं तर ओरडलेच. ती शांतपणे म्हणाली, ‘सिस्टर, बाग गेली असती तर औषधाला पैसे कुठून आणले असते?’ दोन वर्षं पुरी झाली नाहीत तोवर ती गेली. जेन हातोड्याकडे हात नेते आणि तिला ठाऊक असतं की या वेळची केमो पाण्यात जाणार, त्या प्रत्येक पानावर मला ती बाई दिसत होती, डोक्याला टॉवेल गुंडाळून वेलीखाली कात्री घेऊन उभी असलेली. मी जेनलाही मनातल्या मनात ओरडत होते, ‘ठेव तो खाली आणि खुर्चीत बस.’ कथेतही तिला हेच सांगणारे आहेत. आणखी एकदा बदललीस तर मरशील, असं तिला स्पष्ट सांगितलेलं असतं.

पुरुष थॉरची गोष्ट अशी सांगता आली असती का? त्याच्या अंगात देवाचं रक्त आहे, त्याला हातोडा पेलायला काही मोजावं लागत नाही. जेनला प्रत्येक वेळी स्वतःच्या आयुष्याचे दिवस मोजावे लागतात. म्हणून हा बदल मला टूम वाटत नाही. नाव काढून घेतलं, हातोडा काढून घेतला, तरी जेन उरते. जिथे असं काहीच उरत नाही, नुसती जुन्या नावाला नवी झूल चढवलेली असते, तिथे पत्रलेखकांच्या बाजूने मीही उभी राहीन. प्रकाशकांनीही आपल्या बाजूने चूक केलीच. जुलै २०१४ मध्ये गोष्ट वाचकांच्या हाती पडायच्या आधीच त्यांनी ‘थॉर आता बाई’ अशी टीव्हीच्या कार्यक्रमात घोषणा केली. लोक पान न उलटता भांडायला लागले. शिरस्त्राणाआड कोण आहे हे अंकात उघड झालं ते २०१५ च्या मे महिन्यात. तोवर जगाने बाई झाली एवढंच ऐकलं होतं, कोणती बाई ते कोणाला माहीतच नव्हतं.

मारुतीरायाबद्दल. मी दर शनिवारी मारुतीला तेल घालते, पत्रलेखकांची ती भीती मी हसण्यावारी नेणार नाही. पण मारुती कोणा कंपनीच्या मालकीचा नाही आणि दर महिन्याला त्याची गोष्ट कोणी पगारी लेखक पुढे नेत नाही. कॉमिक्समधला थॉर तसा आहे. आणि मूळचा, ज्याची खरोखर पूजा होत असे तो उत्तरेकडच्या लोकांचा थॉर म्हणाल, तर त्याच्याबद्दल आइसलँडच्या तेराव्या शतकातल्या हस्तलिखितात एक कविता आहे. राक्षस त्याचा हातोडा चोरतो आणि फ्रेया देवी बायको म्हणून द्या, मग हातोडा देतो, म्हणतो. तेव्हा थॉर स्वतः नवरी होतो. तोंडावर घुंगट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, सोबत करवली म्हणून लोकी नावाचा दुसरा देव. लग्नात नवरीला आशीर्वाद म्हणून राक्षस हातोडा आणून तिच्या मांडीवर ठेवतो, आणि थॉर तो उचलून सगळ्यांचा निकाल लावतो. ही गोष्ट ऐकताना मला कीर्तनातला भीम आठवला, सैरंध्रीचं लुगडं नेसून कीचकाची वाट पाहणारा. लहानपणी त्या प्रसंगाला आम्ही टाळ्या पिटायचो. भीमाची भीमकी त्याने कमी झाली असं कोणा बुवांनी कधी सांगितलं नाही.

आणि हा वाद सांगली जिल्ह्यात व्हावा याचं मला विशेष वाटतं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हापासून कित्येक वर्षं आपल्या रंगभूमीवर सीता, द्रौपदी सगळ्या पुरुष होते. आपल्याच जिल्ह्यातल्या नागठाण्याच्या नारायणराव राजहंसांनी, म्हणजे बालगंधर्वांनी, सांगलीत जन्मलेल्या खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकातली भामिनी केली आणि बायका त्यांच्यासारखं नेसायला शिकल्या. माझ्या आजोबांनी त्यांची नाटकं पाहिली होती. पुढे बायका स्वतः रंगभूमीवर आल्या, मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर आल्या, तेव्हा आजोबा आणि त्यांचे मित्र म्हणत की बाईच्या कामाला नारायणरावांची सर नाही, ही मूळ परंपरेची मोडतोड आहे. म्हणजे बाईचं काम बाईने करणं हीच मोडतोड. आजोबा वाईट माणूस नव्हते. त्यांचं त्या नाटकांवर जिवापाड प्रेम होतं, जसं पत्रलेखकांचं थॉरवर आहे. पण शेवटी हिराबाईंचं गाणं ऐकायला हेच आजोबा पुढच्या रांगेत बसायचे, हे आजीने मला सांगितलं आहे.

माझी खरी तक्रार दुसरीच आहे आणि ती पत्रलेखकांच्या पत्रात नाही. २०१८ साली अंकांमध्ये जेन शेवटची लढाई लढते, हातोडा सूर्यात जातो, ती मरते. पण तिला परत आणलं जातं, आणि परत आल्यावर ती काय करते? केमोला जाते. पुढे तिचा आजार आटोक्यात येतो आणि २०१९ मध्ये ती दुसरं नाव घेऊन, व्हॅल्किरी म्हणून, उभी राहते. थॉर हे नाव पुन्हा ओडिनच्या मुलाकडे जातं. ते गेलं याचं मला वाईट वाटलं, पण ती जगली. २०२२ च्या सिनेमात मात्र तिला मारून टाकलं. मी तो भाच्याबरोबर सांगलीत थिएटरमध्ये पाहिला. माझ्या पुढच्या रांगेत डोक्याला स्कार्फ बांधलेली एक बाई दोन मुलांबरोबर बसली होती. तिला काय झालं होतं ते मला माहीत नाही, स्कार्फ काय कोणीही बांधतं. पण चौदा वर्षं ‘कॅन्सर म्हणजे मरण नव्हे, सायकली पुऱ्या करा’ हे एकच वाक्य बोलून बोलून माझा घसा बसला होता, आणि पडद्यावर ते असं खोडून काढलं. हातोडा बाईला दिला म्हणून चिडणाऱ्यांनी यावर एखादं पत्र लिहिलं असतं तर मी खाली सही केली असती.

पत्रलेखकांनी आपलं गाव विटा असं लिहिलं आहे. मिरजेला त्यांचं येणं होत असेल. सगळे अंक माझ्याकडे आहेत. भाचा आता नोकरीला पुण्यात आहे, पुस्तकं त्याने माझ्याकडेच ठेवली आहेत. पुराच्या पाण्याने पानं फुगली आहेत आणि दोन ठिकाणी एकमेकांना चिकटली होती ती मी वाफेवर धरून सोडवली, पण सगळी वाचता येतात. त्यांनी आपल्याकडून माझा पत्ता घ्यावा आणि घेऊन जावीत. घाई नाही. महिन्याभराने परत आणून दिली तरी चालेल.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, मिरज
(नाव व पत्ता संपादकांकडे)